खड्ड्याच्या तळापासून मोजलेली वाढ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पहिल्या पानावर विदेशी पर्यटकांच्या वाढीचा जो आलेख आपण छापला आहे, तो २०२१ पासूनच का सुरू होतो, याचा खुलासा मला संपूर्ण बातमीत कुठेही सापडला नाही. २०१९ मध्ये देशात सुमारे १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले होते. करोनामुळे हा आकडा २०२० मध्ये २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर घसरला. २०२२ मध्ये तो ६४ लाखांवर गेला, म्हणजे आपल्या हिशेबाने चौपटीहून अधिक. खड्ड्याच्या तळाशी फूटपट्टी टेकवल्यावर रेघ उंचच दिसणार. २०२३ मध्येसुद्धा ९५ लाखच आले होते, हे मात्र सांगायचे राहून गेले.

गोव्यातल्या कांदोळीत आमचे सहा खोल्यांचे अतिथीगृह आहे. त्या वर्षांत विदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदणीचा ‘सी फॉर्म’ भरावा लागत असे, त्यामुळे माझे आकडे ऐकीव नाहीत. आमच्या वहीत २०१९ साली ७१ विदेशी पाहुण्यांची नोंद आहे, २०२१ साली दोघांची (तेही इथेच अडकून पडलेले रशियन) आणि २०२२ साली नऊ जणांची. ही साडेतीनशे टक्के वाढ झाली. आपण पहिल्या पानावर माझाही फोटो छापावा, अशी नम्र विनंती.

दुसरे म्हणजे, घसरणीचे सगळे खापर आपण ‘बाह्य धक्क्यां’वर फोडले आहे. करोना बाहेरचा, फेब्रुवारी २०२२ मध्ये पेटलेले युक्रेनचे युद्ध बाहेरचे, २०१९ चा हंगाम तोंडावर असताना २३ सप्टेंबरला थॉमस कुक ही ब्रिटनमधली १७८ वर्षांची पर्यटन कंपनी बुडाली तीही बाहेरची, हे सगळे मान्य. परंतु पर्यटकांना दारे पुन्हा उघडल्यावरही २०२२ मध्ये ब्रिटिश नागरिकांसाठी ई-व्हिसा बंद होता आणि तो सुरू व्हायला डिसेंबर उजाडला, हा धक्का कुठून आला? यॉर्कशायरचे एक वृद्ध दांपत्य चौदा वर्षे दर नोव्हेंबरला आमच्याकडे येत असे आणि विहिरीकडचीच खोली मागत असे. त्यांची चहाची किटली आजही आमच्या माळ्यावर आहे. त्या वर्षी त्यांना व्हिसाच्या अर्जासाठी जातीने हजर राहायचे होते, आणि वेळ मिळाली ती जानेवारीची. आजोबांचे गुडघे धड नाहीत. ई-व्हिसा सुरू झाल्याचे मी डिसेंबरात फोन करून कळवले, तोवर त्यांनी स्पेनचे पैसे भरून टाकले होते. त्यानंतर ते आलेच नाहीत. विमानतळावर आलेल्यांची मोजदाद होते. जो निघालाच नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात होणार? आपला वार्ताहर एखाद्या अतिथीगृहात डोकावला असता, तर हे त्याला चहाच्या एका कपात कळले असते.

जाता जाता, बातमीसोबतच्या छायाचित्राखाली ‘कळंगुट’ असे छापले आहे. तो किनारा पाळोळेचा आहे. समोरचे काणकोण बेट शेंबड्या पोरालाही ओळखता येते.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
कांदोळी, बार्देश