बाळाच्या कानाची टेस्ट डिस्चार्जच्या आधीच करा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

बाळाला ऐकू येत नाही असं कळलं की आपल्याकडं पहिला आरोप आईवर, ग्रहणात बाहेर गेली असेल, नाहीतर काहीतरी खाल्लं असेल. सोलापुरात चांगल्या शिकलेल्या घरातनं पण हेच ऐकतोय म्हणून लिहितोय.

जन्मापासूनच्या बहिरेपणाचं एक मोठं कारण आहे कनेक्सिन २६ नावाच्या प्रोटीनमधला बिघाड, १९९७ पासून हे माहीत आहे. शेजारशेजारच्या पेशींमध्ये थेट रस्ता असतो, प्रत्येक पेशी आपल्या बाजूनं सहा कनेक्सिन गोल लावते आणि दोन्ही बाजूचे गोल समोरासमोर जुळले की आरपार नळी होते, सामायिक भिंतीतल्या खिडकीची अर्धी चौकट ह्यानं अर्धी त्यानं बसवावी तशी. त्यातनं क्षार आणि छोटे रेणू इकडून तिकडं जातात, मोठी प्रोटीनं जात नाहीत. हृदयाचे ठोके एका तालात पडतात ते पण असल्याच नळ्यांमुळं, तिथं कनेक्सिन ४३ असतं. आतल्या कानात आवाज आला की पोटॅशियम आवाज टिपणाऱ्या केसपेशीत शिरतं, तिथून बाहेर पडलं की आजूबाजूच्या पेशी ते एकमेकींकडं सरकवत परत कानातल्या द्रवात नेतात, असं मानतात. कनेक्सिन २६ बिघडलं की ही सगळी व्यवस्थाच कोलमडते.

आणि आईबापाला दोघांना व्यवस्थित ऐकू येतं बरं का! हे प्रोटीन बनवणाऱ्या जीनच्या दोन कॉप्या असतात, एक चांगली असली तरी ऐकू येतं, पण दोघांकडं एकेक बिघडलेली असली तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या मिळायची २५ टक्के शक्यता. म्हणजे दोष एकट्या आईचा कसा काय? मामाची पोरगी करायची पद्धत आहे तिथं एकच बिघाड दोघांकडं असण्याचा चान्स वाढतो, हे बोललं की लोक चिडतात, चिडू देत.

माझं म्हणणं एवढंच की ओएई ही ऐकण्याची टेस्ट झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब घालून काही मिनिटांत होते, दुखत नाही. महिन्याच्या आत टेस्ट, तीन महिन्यांत पक्कं निदान, सहा महिन्यांत ऐकायचं मशीन किंवा पुढचे उपचार सुरू, असा नियम डॉक्टर लोक सांगतात. आपल्याकडं मात्र "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणत दोन-तीन वर्षं जातात. कनेक्सिन २६ च्या बहिरेपणात कानाची नस बहुतेक शाबूत असते त्यामुळं कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, चांगला उपयोग होतो, पण लवकर केलं तर. महापालिकेनं शहरातल्या सगळ्या प्रसूतिगृहांना टेस्ट सक्तीची करावी आणि रिझल्ट लसीकरणाच्या कार्डावरच लिहायला लावावा.

एक वाचक, जुळे सोलापूर