एआर चष्मे आणा, पण डिसेक्शन टेबल रिकामे ठेवू नका

महोदय,

वैद्यकीय महाविद्यालयांत ऑगमेंटेड रिॲलिटीच्या (एआर, म्हणजे खास चष्म्यातून समोरच्या जागेत त्रिमितीय आभासी चित्र दाखवण्याच्या तंत्राच्या) मदतीने शरीररचनाशास्त्र शिकवण्याची चर्चा सध्या जोरात आहे. हा विषय मी आयुष्यभर शिकवला, म्हणून हे पत्र.

हे तंत्र मला मनापासून आवडले आहे. वरच्या जबड्याच्या मागे, कवटीच्या तळाशी टेरिगोपॅलाटाइन फोसा नावाची इवलीशी पोकळी असते. तिच्यात काय कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे फळ्यावर दाखवताना शिक्षकांची दमछाक होते. डिसेक्शनमध्ये, म्हणजे देहाच्या प्रत्यक्ष विच्छेदनात, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना ती धड दिसतही नाही. एआरमध्ये तीच पोकळी टेबलाएवढी मोठी होते आणि सगळी बॅच तिच्याभोवती फिरून बघते. गर्भावस्थेत आतड्याला बसणारा 270 अंशांचा वळसाही मुलांना एका तासात समजतो.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या एआर चष्म्यासाठी ‘होलोॲनाटॉमी’ हे शरीररचना शिकवणारे ॲप तयार केले. 2020 मध्ये कोरोनामुळे वर्ग बंद झाले, तेव्हा त्यांनी चष्मे विद्यार्थ्यांच्या घरी पाठवून शिकवणे चालू ठेवले. आपल्याकडे त्या काळात मुले मोबाइलच्या पडद्यावर हाडे बघत होती. पण 2019 मध्ये 3,500 डॉलरला आलेल्या होलोलेन्स 2 चे उत्पादन मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये थांबवले. खरेदीची फाइल हलवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

माझी खरी काळजी वेगळी आहे. एआरमधली काख बघा: रोहिणी लाल, नीला निळी, मज्जातंतू पिवळे, प्रत्येकाला नावाची पाटी. कॅडेव्हरची (विच्छेदनासाठीच्या मृतदेहाची) काख उघडली की सगळे एकाच मातकट रंगाचे आणि चरबीत रुतलेले. मग विद्यार्थी चिमटीत धरून बघतो. रोहिणी पोकळ, दाबली की चपटी होते. मज्जातंतू सुतळीसारखा भरीव लागतो. ही ओळख बोटांना व्हावी लागते. शिवाय कधी एखाद्या देहात मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह हा हाताचा मज्जातंतू सापडतच नाही, त्याचे काम शेजारची मीडियन नर्व्ह करत असते. पुस्तकात आहे ते देहात नाही, हे पाहून मुले गडबडतात, वाद घालतात, शेजारच्या टेबलावर जाऊन पडताळतात. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याला हेच लागते. एआरमधली बहुतेक प्रारूपे मात्र एकाच आदर्श देहाची असतात.

आभासी देहही मुळात कोणाच्या तरी दानातूनच आला आहे. संगणकावरच्या शरीररचनेचा पाया ठरलेला ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्प जोसेफ जर्निगन या, 1993 मध्ये टेक्सासात मृत्युदंड झालेल्या कैद्याने दिलेल्या देहावर उभा राहिला. त्या देहाचे एक-एक मिलिमीटरचे 1,871 छेद घेतले गेले. 1995 मध्ये एका स्त्रीच्या देहाचे त्याहून बारीक छेद प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात 2024 मध्ये एकाच वेळी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. तिथे शिक्षक हवेत, देहही हवेत. बेवारस देह महाविद्यालयांना देण्याची तरतूद आपल्याकडे 1949 च्या कायद्यापासून आहे आणि देहदानाची चळवळही इथे चांगली रुजली आहे. तरीही प्रत्यक्षात काय घडते? माझ्या एका वृद्ध नातलगाने देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. मुलांनी महाविद्यालयात फोनवर फोन केले. देह ताब्यात घ्यायला कोणीच हजर नव्हते. शेवटी स्मशानात न्यावे लागले. त्यांची इच्छा अपुरी राहिली याची खंत त्या घराला आजही आहे.

म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. एआर जरूर आणा. डिसेक्शनच्या आदल्या दिवशी ते दाखवा, म्हणजे टेबलाशी येताना मुलांच्या डोक्यात नकाशा तयार असेल. पण त्याच अंदाजपत्रकात प्रत्येक महाविद्यालयासाठी एम्बामिंग (देह टिकवण्यासाठी रसायने भरण्याचे काम) करणाऱ्या तंत्रज्ञाचे भरलेले पद, चालू स्थितीतले शीतगृह आणि रात्री-अपरात्री, सणासुदीलाही उचलला जाईल असा देहदानाचा एक फोन नंबर, या तीन गोष्टी बसवा. चष्म्यांची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.

– शरीररचनाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, सातारा