उगवण झाली, मग तक्रार कसली?

माननीय संपादक महोदय,

कालच्या अंकातील कोरडवाहू शेतीवरील लेख वाचला. अल्पभूधारक शेतकरी सुधारित बियाणे स्वीकारत नाही, कारण त्याची मानसिकता जुनी आहे, हे लेखकाचे निदान हसून सोडून देण्याइतका मोठेपणा माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र. सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ साली आला आणि पुढच्या काळात याच महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी खरिपात गावठी ज्वारी सोडून संकरित ज्वारी घेतली. रब्बीत मात्र तेच शेतकरी मालदांडी सोडायला सहजासहजी तयार होत नाहीत. जूनमध्ये पुढारलेली मानसिकता ऑक्टोबरात मागास कशी होते, याचा उलगडा लेखक महाशयांनी करायला हवा होता. शिवाय ज्या मालदांडीला ते जुनाट म्हणून हिणवतात, ती मालदांडी ३५-१ देखील मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेला सुधारित वाणच आहे.

रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते आणि ती ओल किती टिकणार हे मातीच्या खोलीवर ठरते. म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या, म्हणजे उथळ जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी, म्हणजे खोल जमिनीसाठी फुले वसुधा अशा वेगवेगळ्या शिफारशी केल्या आहेत. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले, पण त्यांची शिफारस पिशवीबरोबर बांधापर्यंत पोहोचत नाही. काही वर्षांपूर्वी मी अनुदानावर विकत घेतलेली पिशवी भारी जमिनीच्या वाणाची निघाली आणि माझे रान तर असे, की वीतभर खणले की कुदळ मुरुमावर आपटते. पिशवी देताना जमीन कशी आहे हे कोणी विचारले नाही. ज्वारी देखणी उगवली, तेव्हा छायाचित्रे काढायला मंडळी येऊन गेली. पीक पोटरीत आले, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात भरू लागले, ओल संपली आणि त्यानंतर कोणी फिरकले नाही. निम्मी कणसे पोटरीतच अडकली, जी बाहेर पडली ती पोचट निघाली. शेजारच्या पट्ट्यातील मालदांडीलाही दाणे कमीच भरले, पण बैलांपुरता कडबा तरी हाती लागला. तक्रार घेऊन गेलो, तर "उगवण झाली ना? मग बियाण्यात दोष कुठे आहे?" असे मलाच विचारण्यात आले. त्या पिशवीचा टॅग मी अजून जपून ठेवला आहे. त्यावर किमान ७५ टक्के उगवणक्षमता, भौतिक शुद्धता, चाचणीची तारीख, लॉट क्रमांक असे सारे काही आहे. जमिनीच्या खोलीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. त्याच्या कलम ३९ नुसार नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकताना, दिलेल्या परिस्थितीत त्यापासून काय अपेक्षित आहे हे शेतकऱ्याला सांगणे पैदासकारावर बंधनकारक आहे आणि ती अपेक्षा पूर्ण न झाल्यास शेतकऱ्याला भरपाई मागता येते. पण ती 'दिलेली परिस्थिती' कुठे लिहिलेलीच नसेल, तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर? आमच्या मानसिकतेवर तीन स्तंभ खर्च करणाऱ्या लेखकाने या कलमासाठी चार ओळी राखून ठेवल्या असत्या, तर आम्हा वाचकांवर उपकार झाले असते. ज्याच्या घरात पुढच्या पेरणीपुरतेच बी शिल्लक असते, तो नवा वाण आधी दोन ओळींत पेरून पाहतो आणि शेजाऱ्याच्या रानातही डोकावतो. याला हट्ट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत छापलेल्या छायाचित्रात ज्वारीच्या ओळींमधून ठिबकच्या काळ्या नळ्या स्वच्छ दिसतात. कोरडवाहू शेतीच्या लेखासाठी आपल्या संग्रहात बिनपाण्याच्या रानाचे एकही छायाचित्र नसेल, तर आमच्याकडे ती भरपूर आहेत; मागाल तेव्हा पाठवू.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी