गोळ्यांच्या खिडकीशेजारी रक्तदाबाचे यंत्रही हवे

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

महोदय,

छातीत कळ आली की गावातल्या आरोग्य केंद्रातून ईसीजी थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) पोचतो, ही स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी बंद होऊन येणारा गंभीर हार्ट अटॅक) प्रकल्पाची सोय गोव्याने उभी केली. आमचे मागणे त्याच्या अलीकडचे आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी हे काम कळ येण्याच्या दहा वर्षे आधी सुरू व्हावे, आणि ते एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातच व्हावे.

टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची) एक गोळी रोज नेमाने घेतली की काही महिन्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सहसा तपासणीत सापडेनासा होतो. तिथे सगळे निर्धास्त होतात. हृदयविकाराचा धोका मात्र इतरांच्या दीड ते दुप्पट राहतो, आणि त्याचे एक मूळ आतड्यात आहे. लागणीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींचा फडशा पाडतो. औषधाने रक्तातल्या पेशी भरून येतात, आतड्यातल्या तितक्या येत नाहीत. अस्तर गळके राहते, जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी सतत चेतलेल्या राहतात. त्याच पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून चरबीचा थर वाढवतात. रुग्णाला ना ताप, ना पोटदुखी.

यावर औषध आहे. रिप्रीव्ह चाचणीत भारतासह १२ देशांतले एचआयव्हीसह जगणारे ७,७६९ जण होते. वय ४० ते ७५, नेहमीच्या हिशेबाने धोका कमी किंवा मध्यम. २०२३ साली निष्कर्ष आले: रोज ४ मिलीग्रॅम पिटाव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. मधुमेह किंचित वाढला, म्हणून साखर बघत राहावी लागते. ही गोळी साठ्यात नसेल तर अॅटोरव्हास्टॅटिन २० किंवा रोसुव्हास्टॅटिन १० मिलीग्रॅम चालते.

घोळ होतो तो औषधांच्या जोड्यांत. पहिली औषधे चालेनाशी झाली की द्यायच्या दुसऱ्या फळीतल्या रिटोनाव्हिरबरोबर सिमव्हास्टॅटिन कधीच देऊ नये. रक्तातले प्रमाण भलतेच चढते, स्नायू विरघळतात, लघवी काळ्या चहासारखी होते. रिटोनाव्हिर चालू असताना अॅटोरव्हास्टॅटिनही कमी डोसातच सुरू करावे. टीएलडीतले डोल्युटेग्राव्हिर मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढवते, त्यामुळे मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलीग्रॅमच्या आत ठेवावे लागते. आम्लपित्ताची अॅण्टासिड गोळी त्याच वेळी घेतली तर एचआयव्हीचे औषधच नीट शोषले जात नाही. टीएलडी तिच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. बाहेरच्या डॉक्टरला रुग्णाने एचआयव्ही सांगितलेलाच नसतो, मग या जोड्या तपासणार कोण?

म्हणूनच आमचा आग्रह एकाच खिडकीचा. दुसऱ्या ओपीडीत धाडले की पुन्हा ओळख, पुन्हा कुजबुज. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा गुप्ततेची हमी देतो, रांग ती देत नाही. गोळ्या न्यायला येण्याच्या दिवशीच चाळिशी ओलांडलेल्याचा रक्तदाब आणि कंबरेचा घेर मोजावा, वर्षातून एकदा लिपिड (रक्तातली चरबी) तपासावे. लिपिडसाठी उपाशी यावे लागत नाही, काणकोणहून पहाटेची बस धरणाऱ्याला तेवढाच दिलासा. साखर उपाशीपोटी हवी, ती गावच्या केंद्रात होऊ शकते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सीवर विसंबू नये: झिडोव्युडिन हे एचआयव्हीचे औषध घेणाऱ्यांत हा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

एक विनंती उलट दिशेची. प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूलची खरेदी करू नका. त्यांनी हृदयविकार टळतो असा भक्कम पुरावा नाही. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना चोथा लागतो, तो चवळी, मूग, पालेभाज्यांत आणि कोंड्याच्या पोई या गोव्याच्या पावात मिळतो (खऱ्या पोईत; हल्ली तिच्यातही मैदाच फार). तो पैसा तंबाखू सोडवणाऱ्या समुपदेशकावर घाला.

गोमेकॉ, मडगाव आणि म्हापसा इथल्या एआरटी केंद्रांना एक परिपत्रक, स्टॅटिन मोफत औषधांच्या यादीत आणि प्रत्येक केंद्रात रक्तदाबाचे एक चालू यंत्र, एवढ्यावर सुरुवात होते.

आपले,
एचआयव्ही आणि हृदयविकार या विषयांत काम करणारे काही गोमंतकीय