चित्रकारांच्या रेट्यापुढे

महोदय,

डिजिटल कलेच्या संकेतस्थळांचे निर्णय कंपनीचे संचालक घेतात हे खरे असले, तरी ते फिरवण्याची ताकद तेथे रोज चित्रे चढवणाऱ्यांत असते, हे 2022च्या अखेरीस दिसून आले. नोव्हेंबरमध्ये ‘डेव्हियंटआर्ट’ या चित्रे मांडण्याच्या संकेतस्थळाने ‘ड्रीमअप’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे बनवणारे साधन आणले, तेव्हा आपले काम अशा प्रणालींच्या प्रशिक्षणातून, म्हणजे चित्रे पुरवून त्यांना शिकवण्यातून, वगळायचे असेल तर कलाकारानेच तसे कळवावे, असा उफराटा नियम होता. सभासदांचा संताप एवढा उसळला की सर्वच चित्रांवर नकाराची खूण आपोआप लागेल, असा बदल कंपनीने लगोलग केला. ‘क्लिप स्टुडिओ पेंट’ या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या जपानी निर्मात्यांनी तर 29 नोव्हेंबरला जाहीर केलेली, ‘ड्रीमअप’सारखीच चित्रे बनवून देणारी सोय 2 डिसेंबरला मागे घेतली.

‘आर्टस्टेशन’ या अशाच संकेतस्थळाचे त्या डिसेंबरातले पहिले पान मात्र विसरण्यासारखे नाही. एरवी योद्धे आणि राक्षस झळकायचे तेथे सभासदांनी निषेध म्हणून चढवलेले एकच चित्र ओळीने होते : ‘एआय’ ही अक्षरे आणि त्यांवर लाल काट. व्यवस्थापनाने त्यांतली काही चित्रे हटवली, पण ‘नो एआय’ ही नकाराची खूण उपलब्ध करून द्यावीच लागली. अर्थात ही खूण म्हणजे कुलूप नव्हे, दारावरची पाटी. ती न जुमानणाऱ्याला अडवणार कोण? म्हणूनच अटी बदलण्यापूर्वी कलाकारांना विचारण्याची पद्धत या कंपन्यांनी घालून घ्यावी. अटींचे पान न वाचताच ‘मान्य’ दाबणाऱ्यांत मीही आहे, हे येथे कबूल केले पाहिजे.

– एक हौशी चित्रकार, सांगली