१२१ पराभवांचा हिशेब

महोदय,

मराठी क्रीडापानांवर बेसबॉल क्वचितच दिसतो, आणि दिसला तर एखाद्या विक्रमाच्या चौकटीत. शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकेतल्या मेजर लीग संघाने २०२४च्या मोसमात १६२पैकी १२१ सामने गमावले, ही बातमी अशीच चार ओळींत संपणारी. ‘आधुनिक काळातले सर्वाधिक पराभव’ एवढं लिहिलं की काम झालं. पण एवढा मोठा पराभव आपोआप होत नाही, तो काही वर्षं शिजत असतो. शालेय स्पर्धांमुळे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणारी मुलंमुली महाराष्ट्रात आहेत. शिकागो परिसरात तर मराठी घरंही बरीच आहेत. अशा वाचकांना विक्रमाच्या आकड्यापलीकडचं कळावं, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी विक्रमाबद्दल. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स ४० सामने जिंकून १२० हरले होते. व्हाइट सॉक्स ४१ जिंकून १२१ हरले. टक्केवारी काढली तर मेट्सची कामगिरी किंचित अधिक वाईट ठरते, आणि १९१६चा फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स (३६ विजय, ११७ पराभव) त्याहूनही खाली आहे. तरीही व्हाइट सॉक्सचं अपयश मला मेट्सपेक्षा गंभीर वाटतं. मेट्सचा तो पहिलाच मोसम होता, इतर संघांनी सोडून दिलेल्या खेळाडूंतून तो संघ उभा केला होता. व्हाइट सॉक्स १९०१पासून अमेरिकन लीगमध्ये आहेत. शिकागोसारखं तिसऱ्या क्रमांकाचं महानगर त्यांच्या पाठीशी आहे आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २०२१ साली, ९३ सामने जिंकून ते आपल्या गटात पहिले आले होते.

पहिला प्रश्न असतो नशिबाचा. त्याचं उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, दिलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते, ते कळतं. व्हाइट सॉक्सने मोसमात ५०७ धावा काढल्या आणि ८१३ दिल्या. उत्तर येतं ०.२८, म्हणजे १६२ सामन्यांत ४५ विजय. याच सूत्राची थोडी सुधारलेली आवृत्ती वापरली तर ४८. याचा अर्थ, दुर्दैवाच्या खात्यावर चारपासून फार तर सात सामने टाकता येतात. ते परत मिळाले असते तरी संघ ११४ सामने हरलाच असता.

सर्वांच्या लक्षात राहिलेला प्रसंग मात्र दुर्दैवाचाच आहे. २३ मे रोजी घरच्या मैदानावर बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये व्हाइट सॉक्स ६-८ असे मागे होते. एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू. बॅटर अँड्र्यू बेनिनटेंडीने चेंडू उंच उडवला. इनफिल्ड फ्लायचा नियम (सोपा झेल मुद्दाम सोडून दोघांना बाद करता येऊ नये म्हणून केलेला) लागू झाल्यामुळे झेल घेण्याआधीच बॅटर बाद. दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन मागे वळताना शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) वाटेत आला असं पंचांनी ठरवलं आणि त्यालाही बाद दिलं. एका चेंडूत दोघे बाद, सामना संपला. निर्णय कठोर होता, यात शंका नाही. पण त्याच सुमारास सुरू झालेल्या सलग १४ पराभवांचं खापर त्या पंचांवर कसं फोडणार?

खरं दुखणं पिचिंगमध्ये (म्हणजे गोलंदाजीत) आणि बॅटिंगमध्ये वेगवेगळ्या प्रकारे होतं. पिचिंगचं आधी सांगतो, कारण ते क्रिकेटच्या वाचकाला सहज दिसत नाही. २६ जणांच्या चमूत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. त्यातले पाच स्टार्टर, पाळीपाळीने साधारण पाच दिवसांनी एकदा उतरणारे आणि ९०-१०० चेंडू टाकणारे. उरलेले आठ म्हणजे बुलपेन. स्टार्टरने सहा इनिंग काढल्या तर बुलपेनला तीनच टाकाव्या लागतात आणि त्यांतले चार-पाच जण विश्रांती घेऊ शकतात. स्टार्टर पाचव्या इनिंगमध्येच बाहेर आला की बुलपेनवर चार-साडेचार इनिंग येतात. आज हे झालं तर चालतं. चार दिवस लागोपाठ झालं की पाचव्या दिवशी आघाडी सांभाळायला उतरतो तो थकलेला पिचर, नाहीतर मायनर लीगमधून (मेजर लीगखालच्या स्पर्धांतून) सकाळच्या विमानाने आणलेला. २०२४मध्ये व्हाइट सॉक्सच्या बुलपेनने हातातली आघाडी ३७ वेळा घालवली. एकाच सामन्यात असं दोनदाही होऊ शकतं, त्यामुळे हे ३७ पराभव नव्हेत. पण थकव्याचा अंदाज यावरून येतो.

यात गॅरेट क्रोशेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगं आहे. तो संघाचा सर्वोत्तम पिचर, त्याच्या चेंडूला बॅट लावणं कठीण. १४६ इनिंगमध्ये त्याने २०९ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद) केले. पण आधी तो रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधला पिचर होता. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२२चं पूर्ण वर्ष त्याचं वाया गेलं होतं आणि २०२३मध्ये मेजर लीगमध्ये त्याने जेमतेम तेरा इनिंग टाकल्या होत्या. तेरावरून एकदम १८० इनिंगवर नेलं असतं तर कोपर पुन्हा गेलं असतं. म्हणून जुलैपासून त्याला चार किंवा त्याहून कमी इनिंगनंतर थांबवलं जाई. निर्णय योग्य होता. परिणाम असा की सर्वांत चांगला पिचर उतरायचा त्या दिवशीही बुलपेनला पाच इनिंग टाकाव्या लागत. मोसमाअखेर त्याच्या नावावर ६ विजय आणि १२ पराभव लागले. हे आकडे बघून कोणी त्याला अपयशी म्हणेल तर तो अन्याय ठरेल.

बॅटिंगची गोष्ट सरळ आहे आणि म्हणूनच जास्त वाईट. संघाची सरासरी .२२१ (म्हणजे हजार प्रयत्नांत २२१ यशस्वी फटके) आणि बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .२७८. शंभर वेळा बॅटर उतरला तर ७२ वेळा तो काहीही न मिळवता परतला. दर सामन्याला ३.१ धावा, जेव्हा लीगची सरासरी ४.४च्या आसपास होती. होमरनही सर्वांत कमी. नव्या जनरल मॅनेजरने (खेळाडूंची निवड आणि व्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्याने) क्षेत्ररक्षण सुधारण्याच्या हेतूने काही अनुभवी खेळाडू घेतले. त्यातला कॅचर मार्टिन माल्डोनाडो .११९ सरासरीवर असताना मोसमाच्या मध्येच सोडून द्यावा लागला. क्षेत्ररक्षणही सुधारलं नाही. एखादा बॅटर कमकुवत असला तर संघ तो झाकू शकतो, कारण त्याच्या आधी आणि नंतर कोणी ना कोणी बेसवर असतं. नऊपैकी पाच-सहा जण तसे असले की उरलेल्या तिघांना समोरचा पिचर चांगला चेंडू देतच नाही.

दुखापतींचं काय? लुइस रॉबर्ट १०० सामने खेळला. योआन मोंकाडाला दोन कोटी डॉलरहून अधिक वार्षिक पगार, आणि तो खेळला १२ सामने. हे नुकसान खरं आहे. पण दुखापत सगळ्याच संघांना होते. फरक पडतो तो बदली खेळाडूत. व्हाइट सॉक्सकडे बदली खेळाडू नव्हता, आणि का नव्हता हे समजून घ्यायला २०१६पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षाच्या डिसेंबरात संघाने ख्रिस सेल आणि अ‍ॅडम ईटन यांना इतर संघांना देऊन मोंकाडा, कोपेक, जिओलिटो असे तरुण खेळाडू मिळवले. पुढे एलॉय हिमेनेझ आणि रॉबर्ट यांच्याशी तर मेजर लीगमध्ये पाऊल ठेवण्याआधीच सहा-सहा वर्षांचे करार केले, ४.३ आणि ५ कोटी डॉलरचे. २०१८मध्ये १०० सामने हरूनही लोकांनी धीर धरला. २०२०मध्ये संघ बाद फेरीत गेला, २०२१मध्ये गट जिंकला. इथपर्यंत आखणी बरोबर होती. चूक झाली ती या सात-आठ जणांच्या खाली काहीच न पेरल्याची. ड्राफ्टमधून (नवोदितांच्या वार्षिक निवडीतून) आलेले खेळाडू वर येईनात, परदेशातून आणलेले मोजकेच. बाहेरून मोठा खेळाडू विकत घ्यायचीही तयारी नाही. या क्लबने १० कोटी डॉलरचा करार कधीच कोणाशी केलेला नव्हता, सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिनटेंडीचा, साडेसात कोटींचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुख्य खेळाडू दुखापतींनी आणि वयाने ढासळू लागले तसे २०२२मध्ये ८१ विजय, २०२३मध्ये ६१, आणि मग ४१.

मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१पासून संघ चालवतात. २००५चं विश्वविजेतेपद त्यांच्याच काळातलं, ८८ वर्षांनंतरचं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ओळखीच्या माणसावर भिस्त ठेवण्याची सवय संघाला नडली. २०२०च्या अखेरीस, नऊ वर्षं डगआउटपासून दूर असलेल्या ७६ वर्षांच्या टोनी ला रूसांना पुन्हा मॅनेजर (मैदानावरचा मुख्य प्रशिक्षक) केलं गेलं. ऑगस्ट २०२३मध्ये खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या केन विल्यम्स आणि रिक हान यांना काढलं, आणि दहा दिवसांच्या आत त्याच कार्यालयातले ख्रिस गेट्झ जनरल मॅनेजर झाले. ज्या मायनर लीग विभागातून खेळाडू वर येत नव्हते तो विभाग गेट्झच सांभाळत होते. बाहेरच्या कोणाची शोधाशोधही झाली नाही. मला इथे पाणी मुरताना दिसतं.

बळीचा बकरा मात्र मैदानावरचा मॅनेजर झाला. १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१ पराभव, अमेरिकन लीगच्या विक्रमाशी बरोबरी. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये एक विजय, आणि ८ ऑगस्टला पेड्रो ग्रिफोल यांची हकालपट्टी. तोवर २८ विजय, ८९ पराभव. पुढच्या ४५ सामन्यांत ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली १३ विजय, ३२ पराभव. त्याच गतीने पूर्ण मोसम खेळला असता तरी विजय ४७ झाले असते. ग्रिफोल उत्तम मॅनेजर होते असं माझं म्हणणं नाही. पण माणूस बदलल्याने किती फरक पडतो, ते इतकं स्वच्छ क्वचितच मोजता येतं.

व्यवहारांबद्दलही थोडं. मोसम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी पिचर डिलन सीझ सॅन डिएगोला दिला, आणि व्हाइट सॉक्स त्या २१ पराभवांच्या मध्यावर असताना २५ जुलैला त्याने नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका न देता संपवलेला सामना) टाकला. मोबदल्यात आलेल्या ड्रू थॉर्पच्या कोपरावर पुढे शस्त्रक्रिया झाली. जुलैअखेर एरिक फेडी, टॉमी फॅम आणि मायकेल कोपेक असे तिघे एकाच व्यवहारात गेले. मुख्य मोबदला मिगेल वार्गास, ज्याने उरलेल्या मोसमात .१०४ सरासरीने बॅटिंग केली. कोपेक लॉस एंजेलिसबरोबर विश्वविजेता झाला. क्रोशेला डिसेंबरात बॉस्टनला देऊन चार तरुण घेतले, तो व्यवहार मात्र चांगला उतरला. काइल टील आणि चेस माइड्रॉथ २०२५मध्येच वरच्या संघात खेळू लागले.

‘मुद्दाम हरले, म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिला खेळाडू मिळेल,’ असं अनेकजण म्हणतात. हा समज खोडून काढायलाच हवा. आता पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच, १६.५ टक्के संधी असते. म्हणजे १२१ पराभव आणि तळातून तिसऱ्या संघाचे पराभव यांची किंमत एकच. शिवाय महसूल-वाटपात पैसे देणाऱ्या मोठ्या शहरांच्या संघांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली निवड मिळत नाही. व्हाइट सॉक्सना २०२४मध्ये पाचवी निवड मिळाली होती. त्यामुळे आधुनिक काळातला सर्वाधिक पराभवांचा मोसम संपवल्यावर २०२५मध्ये त्यांना दहावी निवड मिळाली, त्याहून वरची मिळणं शक्यच नव्हतं. या पराभवातून त्यांना काहीही हाती लागलं नाही.

नवे मॅनेजर विल वेनेबल यांच्या हाताखाली २०२५चा मोसम ६० विजय, १०२ पराभव असा संपला. सलग तिसऱ्यांदा शंभरी. तरी धावांची तूट, जी आदल्या वर्षी ३०६ होती, ती शंभरच्या आत आली, आणि जुलैत आलेल्या कोल्सन मॉन्टगोमेरीने ७१ सामन्यांत २१ होमरन मारले. २०२६च्या ड्राफ्टची पहिली निवडही सोडतीत त्यांना मिळाली आहे. मालकी लगेच बदलणार नाही. गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांच्याशी झालेल्या करारानुसार राइन्सडॉर्फ २०२९ ते २०३३ दरम्यान नियंत्रण विकू शकतात, आणि त्यांनी ते केलं नाही तर २०३४पासून इश्बियांना घेण्याचा हक्क आहे. तोपर्यंत खेळाडू घडवण्यावर खर्च होतो की नाही, हे बर्मिंगहॅम आणि शार्लट इथल्या मायनर लीग संघांवरून कळेल. वरचा संघ १२१ सामने हरत होता त्याच वर्षी बर्मिंगहॅमने सदर्न लीगचं विजेतेपद जिंकलं होतं, ही बातमी तर मराठीत कुठेच आली नसावी.

क्रीडा विभागाला एक विनंती. बेसबॉलचा गुणतक्ता छापाल तेव्हा विजय-पराभवांशेजारी काढलेल्या आणि दिलेल्या धावांचे दोन स्तंभ द्यावेत. जागा फारशी लागणार नाही, आणि एखादा संघ कुठे चालला आहे ते वाचकाला मे महिन्यातच दिसेल.

आपला,
एक मराठी वाचक, शिकागो