तिकीट फाडलंत साहेब, आता सीट द्या

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

साहेब, मी एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. त्या नोकरीत एक गोष्ट अंगात भिनली. पैसे घेतले की तिकीट द्यायचं, आणि तिकीट दिलं की माणसाला दारात लोंबकळत ठेवायचं नाही. तुमच्या खात्याने माझ्या घरखरेदीचे पैसे घेतले, घराच्या सरकारी नोंदीत मात्र माझं नाव अजून लावलेलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि तासगावकडची वाटणीची शेती विकून आलेले पैसे एकत्र केले आणि विश्रामबागेत एक जुनं बैठं घर घेतलं. किंमत 38 लाख. त्यावर 6 टक्के मुद्रांक, म्हणजे 2 लाख 28 हजार. नोंदणी फी 30 हजार वेगळी. एवढं मोठं तिकीट मी अख्ख्या नोकरीत फाडलं नव्हतं. (घर सौ.च्या एकटीच्या नावावर घेतलं असतं तर मुद्रांकात 1 टक्का सूट मिळाली असती. हे तिला उशिरा कळलं, आणि तेव्हापासून मला रोज कळतंय.)

सगळं रीतसर केलं. विसार दिला, वकिलांकडून तीस वर्षांच्या जुन्या दस्तांचा शोध म्हणजे सर्च काढला, पेपरात जाहीर नोटीस दिली, साठेखत नोंदवलं. साठेखत म्हणजे घर नव्हे, घर देण्याचा नोंदवलेला शब्द. मालकी येते ती खरेदीखताने, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 54 व्या कलमात तसं स्पष्ट आहे, हे वकिलांनी दोन वेळा समजावलं. खरेदीखताचा दिवस खरंच झकास गेला. चलन, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे, आणि तासाभरात दस्त हातात. पेढे घेऊनच घरी आलो.

मग प्रॉपर्टी कार्डाला, म्हणजे शहरातल्या जागेच्या सातबाऱ्याला, नाव लावायला अर्ज केला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही. नोटिसा निघाल्या, 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही. आणि मग त्रुटी निघाली. कार्डावर विक्रेत्याचं नाव 'शंकर' आहे. आधारवर, पॅनवर, आणि म्हणून खरेदीखतात, 'शंकरराव'. वकिलांनी ते आधीच पाहिलं होतं. "एवढ्याने कुठं अडतंय?" म्हणाले होते. एवढ्यानेच अडलं.

दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र विक्रेत्याने लगेच करून दिलं. चालेना. शाळेचा दाखला मागितला. तो होता गावभागातल्या त्यांच्या जुन्या घरात, लोखंडी ट्रंकेत, आणि 2019 च्या महापुरात ती ट्रंक कृष्णेच्या पाण्यात चार दिवस बुडालेली होती. शाळेने दुसरी प्रत दिली. तिच्यावर 'शंकर' बरोबर आहे, पण जन्मतारीख आधारशी जुळत नाही. आता म्हणतात, राजपत्रात छापून आणा. विक्रेता ब्याऐंशी वर्षांचा, मुलाकडे पुण्याला गेलेला. फोन केला की बिचारा माझीच माफी मागतो. आमच्याकडे वडीलधाऱ्याला 'राव' लावतात तो मान म्हणून. तो मानच आम्हा दोघांच्या मुळावर आला. आठ महिने झाले. वीजबिलावर माझं नाव कधीच आलं, घरपट्टी मी भरतो, कार्डावर मात्र अजून 'शंकर'च.

तक्रार केली की एक उत्तर ठरलेलं असतं: "काका, काळजी करू नका, कार्डावर नाव नसलं म्हणून मालकी जात नाही." बरोबर आहे. सातबारा काय, कार्ड काय, त्या नोंदी मालकीचा पुरावा नव्हेत असं सर्वोच्च न्यायालयानेच अनेकदा सांगितलंय. पण उद्या मी गेलो आणि पोरांनी वारसनोंद करायची म्हटली, की पहिला कागद कोणता मागणार? बँक तारणाला काय मागते? माझं घर कुणी विकत घ्यायला आला तर त्याचा वकील काय मागेल? कायदा म्हणतो मी मालक झालो, आणि त्या कायद्याचीच कार्यालयं म्हणतात, दाखवा.

सगळ्यात जास्त खटकतं ते पुढे आहे. दस्त नोंदणारं कार्यालय मालकी तपासत नाही. समोरचा माणूस तोच आहे ना, एवढंच पाहतं. 1908 च्या नोंदणी कायद्याने त्यांच्यावर तेवढंच काम टाकलंय. कार्ड बघतं दुसरं कार्यालय, ते नंतर. पण नोंदणी आणि भूमिअभिलेख, दोन्ही खाती तुमच्याच हाताखाली आहेत ना? सिटी सर्व्हे नंबर टाकला की कार्ड कुणालाही मोबाइलवर दिसतं. मग चलन भरून घेण्याआधीच दस्तातलं नाव आणि कार्डावरचं नाव शेजारी शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे? 'राव' तिथेच दिसला असता. विक्रेता तेव्हा सांगलीत होता, साठेखत व्हायचं होतं, माझे पैसे माझ्याजवळ होते. आम्ही आधी कार्ड दुरुस्त करून घेतलं असतं, मग व्यवहार.

फ्लॅटवाल्यांचं याहून अवघड आहे. माझ्या मेव्हण्याच्या अपार्टमेंटखालची जमीन अजून बिल्डरच्या वडिलांच्या नावावर आहे. तिथे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर देत नसलेली जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागतं, आणि ते सहकार खातं. तुमच्याकडे नाही, म्हणून तो विषय इथे वाढवत नाही.

एक विनंती मात्र आहे. नाव जुळत नसेल तर ते खरेदीदाराला नोंदणीच्या आधी लेखी सांगण्याची सोय करा. आणि हरकत आलेली नसताना फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, अडत असेल, तर कोणते कागद आणले की नोंद होईल त्याची पूर्ण यादी एकदाच द्या. दर खेपेला एक नवा कागद, असं नको. कंडक्टरने प्रत्येक स्टॉपला नवं तिकीट मागितलं असतं तर आमच्या डेपोत त्याला निलंबित केलं असतं.

अर्जाची पोच, त्रुटीचं पत्र आणि शाळेचा दाखला असा संच तयार आहे. आपल्या कार्यालयातून कुणी मागितला तर मी स्वतः मुंबईला घेऊन येईन. एस.टी.नेच.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
विश्रामबाग, सांगली